फेअर वही गोरी असते का?

मंडळी नमस्कार. गेल्या महिन्यात या पानावर सहज लिहिलं होतं की इंग्रजीतला असा एखादा शब्द पाठवा जो तुम्ही दिवसातून चारदा वापरता पण कुणी अर्थ विचारला की अडखळता. वाटलं होतं 'नाइस', 'स्मार्ट' असलं काहीतरी येईल. आलंही, पण पत्रं आणि मेल वाचता वाचता लक्षात आलं की निम्म्याहून जास्त लोकांची गाडी 'फेअर'पाशी येऊन अडकलीये, आणि प्रत्येकाची वेगळ्याच रस्त्याने आलेली. म्हणून या वेळी अख्खं पान फेअरला देऊन टाकते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. प्रत्येक विषयाला दोन वह्या, एक रफ एक फेअर. परवा कव्हरं घालता घालता विचारते, आई, फेअर म्हणजे गोरी ना, मग ही गोरी वही का? मी हसून वेळ मारून नेली पण खरं सांगते, मलाही सांगता आलं नसतं. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : आधी मुलीला माझ्याकडून एक चॉकलेट द्या. मी पंचवीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, 'फेअर वहीत उतरवून घ्या रे' हे वाक्य रोज दहा वेळा तोंडात, आणि एकाही पोराने हे विचारलं नाही आणि मलाही कधी पडलं नाही.

तर मुळापासून बघू. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'फॅयेर' असा काहीसा बोलला जायचा आणि अर्थ होता सुंदर, बघायला छान, मनाला बरं वाटणारं. बस एवढंच. तेव्हा त्यात न्यायही नव्हता आणि गोरेपणही नव्हतं, जत्रेचं तर नावच नको, ती भानगड वेगळीच आहे, खाली येईल. या 'सुंदर'ला पुढे फांद्या फुटत गेल्या. आभाळ सुंदर कधी दिसतं, तर ढग नसताना. कागद सुंदर कधी, तर खाडाखोड नसताना. माणसाचं वागणं सुंदर कधी, तर पोटात लबाडी नसताना. बघा, सगळीकडे 'मध्ये काही घाण आलेली नाही' हाच धागा आहे. तुमच्या मुलीची फेअर वही म्हणजे ती बिनडागाची वही, गिरवागिरव नसलेली. कातडीचा संबंध नाही.

मला स्वतःला एक युक्ती फार उपयोगी पडते, तीच सांगते कारण या पानावरच्या बाकीच्या उत्तरांनाही तीच लागणार आहे. फेअरचा अर्थ शोधत बसायचं नाही, फेअरच्या समोर कोण उभं आहे ते बघायचं. वहीत समोर रफ आहे. हवामानात फाउल आहे, खेळात पण फाउलच. केसांच्या नि कातडीच्या रंगात समोर डार्क. भावात, वागण्यात अनफेअर. आणि निकालपत्रात तर हा बिचारा 'गुड' आणि 'पुअर' या दोघांच्या मध्ये चेपून बसलेला असतो. समोरचा भिडू बदलला की याचा अर्थ बदलला.

आणि गंमत ऐका. गोल्फमध्ये जो नीट कापलेल्या गवताचा पट्टा असतो त्याला फेअरवे म्हणतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाढलेल्या गवताला काय म्हणतात माहितीये? रफ! म्हणजे गोल्फ खेळणारा श्रीमंत माणूस आणि तुमची चौथीतली मुलगी, दोघांच्याही आयुष्यात चेंडू रफमध्ये गेला की कटकट.

हवामानावरून एक आठवलं. पुण्याच्या जुन्या बाजारात मी एकदा एक पितळी बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजून हवामान सांगणारं यंत्र, बघितला होता, तबकडीची काच तडकलेली, काटा अडकलेला. त्यावर गोलात शब्द कोरलेले, स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर आणि शेवटी व्हेरी ड्राय. विकणारा म्हणाला 'घड्याळ आहे, चावी नाहीये फक्त'. मी त्या 'फेअर'कडे बघत राहिले. हा शब्द कोरणाऱ्या इंग्रजाच्या दृष्टीने पाऊस नाही, ढग नाही, म्हणजे झकास. आपल्याकडे जुलै महिन्यात काटा तिथे जाऊन बसला तर शेतकऱ्याच्या पोटात गोळा येईल. त्यांचं फेअर ते आपलं उघडीप पडलेलं कोरडं आभाळ, आणि पेरणी झाल्यावर पंधरा दिवस तसं राहिलं तर दुबार पेरणी. हवामानाचा शब्द नुसता हवामानाचा नसतो, तो ज्याने केला त्याची आवडनिवड त्यात येऊन बसते. हे लक्षात ठेवा, गोऱ्या रंगाकडे आपण वळणार आहोत तेव्हा लागेल.

प्रश्न : नमस्कार. आम्ही ऊसवाले. एफआरपी एफआरपी म्हणून आंदोलनं करतो, मीपण दोनदा रस्त्यावर बसलोय. पण त्यातला एफ म्हणजे फेअर हे मला मुलाने सांगितलं, तो डिप्लोमाला आहे. आता प्रश्न असा की फेअर म्हणजे चांगला की न्यायाचा की ठीकठाक? कारण मिळतो तो दर बघून तिसराच अर्थ खरा वाटतो. (वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न या महिन्याचा सगळ्यात भारी प्रश्न आहे आणि थोडं सविस्तर सांगते.

एफआरपी म्हणजे फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस, कारखान्याने उसाला द्यायचा, केंद्राने ठरवलेला दर. २००९-१० च्या हंगामापासून ही आली, त्याच्या आधी होती एसएमपी, म्हणजे स्टॅच्युटरी मिनिमम प्राइस, वैधानिक किमान भाव. नावातला फरक बघा. आधीचा शब्द सरळ होता, कायद्याने ठरवलेला कमीत कमी भाव, याच्या खाली जायचं नाही. त्यात कुणी तुम्हाला 'हा भाव चांगला आहे' असं म्हणत नव्हतं. नवा शब्द आला तो मात्र दावा करतो की भाव न्यायाचा आहे आणि वर परवडणाराही आहे. कारण म्हणून असं सांगितलं गेलं की नुसता उत्पादन खर्च न धरता शेतकऱ्याची जोखीम आणि नफा यांचाही वाजवी वाटा दरात धरायचा. म्हणजे इथल्या फेअरचा कागदावरचा अर्थ तुमच्या यादीतला दुसरा, न्यायाचा.

आता मराठीत त्याचं भाषांतर झालं 'रास्त व किफायतशीर दर' आणि माझ्या मते खरा घोळ इथे आहे. 'रास्त' फारसीतून आलेला, मूळ अर्थ सरळ, खरा, योग्य. फेअरला याच्यापेक्षा चांगला शब्द मला तरी सुचत नाही. पण 'किफायतशीर'? किफायतचा मराठीतला जुना अर्थ नफा, फायदा, त्या हिशोबाने रेम्युनरेटिव्हला बरोबरच आहे. पण आज रोजच्या बोलण्यात किफायतशीर म्हणजे काय? 'किफायतशीर दरात पडदे शिवून मिळतील'. म्हणजे स्वस्तात! कुणाला स्वस्त, तर घेणाऱ्याला. मग ऊस विकणाऱ्या माणसाने 'किफायतशीर दर' वाचला तर त्याच्या मनात काय येईल सांगा. कायद्याने म्हणायचंय विकणाऱ्याला फायद्याचा, आणि ऐकू येतं घेणाऱ्याला फायद्याचा.

दुसरं, हाच फेअर शब्द तुमच्या गावात आणखी एका ठिकाणी आहे. रेशनच्या दुकानावर. इंग्रजीत फेअर प्राइस शॉप, मराठी पाटीवर रास्त भाव दुकान. तिथे फेअर म्हणजे गिऱ्हाइकाला जड जाणार नाही असा कमी भाव. आणि कारखान्यावर फेअर म्हणजे शेतकऱ्याला तोट्यात घालणार नाही असा, कमी नसलेला भाव. एकच शब्द, एकीकडे भाव खाली धरतो आणि दुसरीकडे वर धरतो. म्हणून नुसतं 'फेअर' म्हणून भागत नाही, फेअर कुणाला, हे विचारावंच लागतं. वाण्याच्या दुकानात आपण हेच करतो, तो म्हणतो 'वाजवीच सांगितलंय ताई', आपण म्हणतो 'तुमच्यासाठी वाजवी हो'.

बाकी आकड्यांचं तुम्ही मला शिकवाल. २०२५-२६ साठी केंद्राने क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केले, म्हणजे टनाला ३,५५०, पण ते १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर. आणि आपल्याकडे तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात किती येतात ते वेगळंच. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. तुम्ही रस्त्यावर दोनदा बसलात म्हणजे ते चौदा दिवस तुमच्याकडे कसे मोजतात ते तुम्हाला ठाऊक असणार. तेव्हा तुमची शंका, की फेअर म्हणजे ठीकठाक, ही डिक्शनरीच्या हिशोबाने अजिबात चुकीची नाही. तो अर्थ खरंच आहे, फक्त सरकारला तो म्हणायचा नव्हता.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या टूर्नामेंटमध्ये मी अंपायर होतो. बॉलरने बॉल टाकायच्या आधीच नॉनस्ट्रायकर निघाला, बॉलरने बेल्स उडवल्या, मी आउट दिला. त्यावरून अर्धा तास भांडण, 'हे फेअर नाही', 'स्पिरिट ऑफ गेम' वगैरे. मी बरोबर होतो ना? (नाशिक)

उत्तर : होतात. आणि इथे तर शब्दाचा अर्थ चक्क नियमाच्या पुस्तकात एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलाय म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

१९४७ च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत आपले विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच बाद केलं. ब्राउन चेंडू पडायच्या आधीच क्रीज सोडून पुढे जात होता. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकडनी त्याला आधी ताकीद देऊन मग असंच बाद केलं होतं, तरी गड्याची सवय जाईना. पण तिथल्या पेपरांनी बोंब ठोकली आणि 'मंकडिंग' असं क्रियापदच करून टाकलं, म्हणजे आगाऊ पळणारा राहिला बाजूला आणि नाव लागलं पकडणाऱ्याचं. गंमत म्हणजे समोरच्या संघाचा कॅप्टन डॉन ब्रॅडमन, त्याने मंकडची बाजू घेतली. आपले सुनील गावसकर तर हा शब्द वापरूच नका, मंकडचा अपमान आहे म्हणून कधीपासून सांगतायत.

आता नियम. हे रनआउट पुस्तकात कुठे होतं, तर ४१ नंबरच्या कलमात, आणि त्या कलमाचं नाव 'अनफेअर प्ले'. वाचणाऱ्याला वाटायचं की असं बाद करणं म्हणजेच अनफेअर. मार्च २०२२ मध्ये एमसीसीने, म्हणजे क्रिकेटचे नियम करणाऱ्या लंडनच्या क्लबने, जाहीर केलं की ते तिथून काढून ३८ मध्ये, म्हणजे साध्या 'रनआउट'च्या कलमात टाकतोय. १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं. आणि त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, २४ सप्टेंबरला, लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असंच बाद केलं आणि जगभर पुन्हा तोच गोंधळ! तेव्हाही नियमाप्रमाणे ते आउटच होतं हो, फरक फक्त कुठल्या मथळ्याखाली लिहिलंय याचा. पण मथळ्याने माणसाच्या डोक्यात किती घर केलेलं असतं बघा.

आपल्या गल्लीत याला नेमका शब्द होता, रडीचा डाव. 'अनफेअर'चं भाषांतर लोक 'अन्यायकारक' करतात तेव्हा मला हसू येतं. पत्त्यात कुणी पान लपवलं तर काय आपण 'हे अन्यायकारक आहे' म्हणतो का? अन्याय म्हणजे कोर्टकचेरी झाली. लहान पोरगं 'नॉट फेअर!' म्हणून पाय आपटतं तेव्हा त्याला 'चीटिंग करतोय हा' किंवा 'रडीचा डाव खडी' हेच म्हणायचं असतं. फक्त तुमच्या सोसायटीत रडी कोण, बॉलर की नॉनस्ट्रायकर, एवढंच ठरवा. मी तर नॉनस्ट्रायकर म्हणेन.

प्रश्न : ताई, लग्नाचा बायोडेटा इंग्रजीत करतेय. मराठीत आईने 'वर्ण : निमगोरा' लिहिलंय. याला इंग्रजीत फेअर लिहू की व्हीटिश? ताईच्या वेळी फेअर लिहिलं होतं आणि बघायला आलेल्या एका काकूंनी तोंडावर विचारलं होतं, 'फोटोत लाइट जास्त होता का?' (पुणे)

उत्तर : काही लिहू नका. तो रकानाच उडवा. उंची लिहा, शिक्षण लिहा, पगार लिहायचा तर लिहा, रंग ज्याला बघायचाय तो डोळ्यांनी बघेल.

तरी शब्दाचं सांगते, कारण सदर शब्दांचं आहे. मघाशी म्हटलं तसं फेअर म्हणजे मुळात सुंदर. इंग्लंडातल्या लोकांना सुंदर म्हणून जे आवडायचं ते सोनेरी केस, उजळ कातडी, त्यामुळे त्याच शब्दाला हळूहळू 'उजळ' हा अर्थ चिकटला. बॅरोमीटरसारखंच झालं, कोरणाऱ्याची आवड शब्दात उतरली. आपल्याकडे तो शब्द आला तो मात्र दोन्ही अर्थ एकत्र बांधूनच आला आणि आपल्या मनातल्या जुन्या खोडीला इंग्रजी पोशाख मिळाला. 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' छापायला लाज वाटायला लागली होती म्हणून 'फेअर' छापायला लागले, बाकी काही नाही.

आणि मराठीत हे इतकं काही बांधलेलं नव्हतं. सावळा म्हटलं की आपल्याला विठोबा आठवतो आणि त्या सावळ्यालाच आपण सुंदर म्हणतो, एका दमात. इंग्रजीत 'डार्क'च्या शेजारी 'फेअर' ठेवला तर वाक्य अडखळतं, मराठीत सावळ्याशेजारी सुंदर ठेवला तर आषाढी होते. (अर्थात विठोबाला चालतं ते सुनेला चालत नाही, हेही आपल्याकडेच.)

ती प्रसिद्ध क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली, नावातच फेअर. पंचेचाळीस वर्षं तो शब्द आपल्या बाथरूमच्या आरशासमोर उभा होता, वरच्या पत्रातल्या डोंबिवलीच्या मुलीला फेअर म्हणजे गोरी हे कुणी शिकवलं असेल असं वाटतं? २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा कंपनीने फेअर काढून 'ग्लो' केलं. त्याच सुमाराला एका मोठ्या लग्नाच्या वेबसाइटने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. आता ट्यूबवर ग्लो आहे, चांगलंय, पण ग्लोचा अर्थही लोक तोच लावतायत असं मला ब्यूटी पार्लरमध्ये बसून वाटतं. 'ग्लो आलाय हं चेहऱ्यावर' म्हणतात तेव्हा बोलणारीची नजर कुठे असते ते एकदा बघा.

ताईच्या त्या काकूंना माझ्याकडून काही सांगायचं नाही, माझे शब्द छापण्याजोगे नाहीत.

प्रश्न : माझे भाऊ अमेरिकेत आहेत, छातीत दुखायला लागलं म्हणून ॲडमिट केलं. भाच्याचा मेसेज आला 'कंडिशन फेअर'. घरात दोन तट पडले, मी म्हटलं म्हणजे छान आहे, आमचे हे म्हणाले 'फेअर' म्हणजे जेमतेम, तिकिटं बघा. भाऊ आता घरी आहेत, पण बरोबर कोण होतं? (रत्नागिरी)

उत्तर : भाऊ घरी आले हे वाचून बरं वाटलं. दोघंही अर्धे अर्धे बरोबर. अमेरिकेतली हॉस्पिटलं पेशंटची तब्येत सांगताना ठरलेले शब्द वापरतात, गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल. फेअर म्हणजे नाडी, बीपी वगैरे स्थिर, माणूस शुद्धीवर, त्रास होत असेल पण लक्षणं चांगल्या दिशेने आहेत. म्हणजे आपलं 'बरं आहे'.

आणि हा 'बरं' शब्द बघा, मला तर वाटतं फेअरचा मराठी सख्खा भाऊ हाच. 'मुलगा बरा आहे' म्हणजे काय? आजारातून उठलाय, किंवा वागायला चांगला आहे, किंवा फार काही नाही पण चालेल. तिन्ही! ते कुठल्या सुरात म्हटलंय त्यावर ठरतं. फेअरचं तसंच. आणि 'फेअरली'ला तर 'बऱ्यापैकी' इतका चपखल बसतो की भाषांतर करायचे कष्टच नाहीत. 'अ फेअर अमाउंट ऑफ टाइम' म्हणजे बऱ्यापैकी वेळ, पण परवा एका पुस्तिकेत त्याचं 'न्याय्य प्रमाणात वेळ' केलेलं वाचलं आणि चहा नाकात गेला.

शाळेत आम्ही एक नियम शिकवायचो, चांगल्या गोष्टीला फेअरली आणि वाईटाला रादर. चहा 'फेअरली हॉट' म्हणजे बऱ्यापैकी गरम, प्यायला मजा येईल. 'रादर हॉट' म्हणजे जरा जास्तच गरम, जीभ भाजेल. हल्ली इंग्रजी बोलणारे हे एवढं कडक पाळत नाहीत, पण कानाला लावून बघा, फरक कळतो.

प्रश्न : बसचं फेअर, जत्रेचं फेअर आणि परी म्हणजे फेअरी, हे सगळे एकाच घरातले का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : नाही हो, तिघांचं आडनाव फक्त सारखं ऐकू येतं.

बसचं फेअर, ज्याचं स्पेलिंगही वेगळं आहे, ते जुन्या इंग्रजीतल्या प्रवास करणे या क्रियापदातून आलं. 'फेअरवेल' त्यातलंच, नीट जा, सुखाचा प्रवास होवो. आपण सेंडऑफला समोसा-वेफर्स देतो ते त्याचंच. आणि 'नो थरोफेअर' पाटी असते ना गल्लीच्या तोंडाशी, त्यातला फेअरही हाच, इथून आरपार जाता येत नाही. परी फ्रेंचमधून आली, मागे जाऊन लॅटिनमधल्या नियतीच्या शब्दापाशी पोचते. तिचा नि गोरेपणाचा काही संबंध नाही, चित्रं काढणाऱ्यांनी तिला गोरी केली.

जत्रेचं फेअर मात्र तुम्हा गोव्याच्या लोकांना जवळचं वाटेल. लॅटिनमध्ये 'फेरिये' म्हणजे सण, देवाधर्माचा सुट्टीचा दिवस. सणाला लोक जमणार, लोक जमले की दुकानं लागणार, त्यातून फेअर म्हणजे बाजार, जत्रा. आपलीही जत्रा 'यात्रा'मधूनच आली की, आधी देव मग पाळणे. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजमध्ये 'फेइरा' झाला, त्याचाही अर्थ बाजार, आणि त्यांच्या वारांच्या नावातही तो बसलाय, सोमवार म्हणजे सेगुंदा-फेइरा, शुक्रवार सेश्ता-फेइरा. तुमच्या म्हापशाला शुक्रवारी बाजार भरतो म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत सेश्ता-फेइराला फेइरा! लंडनमधला तो महागडा मेफेअर भाग, त्याचंही नाव तिथे मे महिन्यात भरणाऱ्या जत्रेवरून पडलं. पुढे जत्रा बंद झाली आणि शेटलोक राहायला आले.

प्रश्न : बाइकच्या पुढे जे फायबरचं असतं त्याला फेअरिंग का म्हणतात? माझं फुटलंय, मेकॅनिक 'फेरिंग' म्हणतो. (अहिल्यानगर)

उत्तर : जहाज बांधणारे लाकडाच्या रेषा गुळगुळीत, एकसलग करत, कुठे उंचवटा नाही खड्डा नाही, त्याला 'फेअर' करणं म्हणतात. तेच विमानाला आलं, मग बाइकला. वारा अडू नये म्हणून गुळगुळीत केलेलं आवरण. पुन्हा तोच बिनडाग, बिनखड्ड्याचा अर्थ. बाकी तुमचं फुटलेलं जोडायला एम-सील लावू नका, दिसतं वाईट.

प्रश्न : 'फेअर-वेदर फ्रेंड'ला मराठीत काय म्हणू? (दहावीतला विद्यार्थी, लातूर)

उत्तर : असतील शिते तर जमतील भुते. एक शब्दच हवा असेल तर 'सुखाचे सोबती'. परीक्षेत दुसरं लिही, पहिलं लिहिलंस तर तपासणाऱ्यावर अवलंबून.

प्रश्न : मॅडम, जिल्हा परिषदेत ३४ वर्षं लिपिक होतो. आमच्याकडे मसुदा साहेबांकडे जायचा, साहेब लाल शाईने काटछाट करून कोपऱ्यात लिहायचे 'फेअर करा'. मग टायपिंगला. एकदा साहेबांनी तीनदा फेअर करायला लावलं आणि शेवटी पहिल्याच मसुद्यावर सही केली. तुमचं सदर वाचून वाटतं तुम्ही एका फटक्यात लिहीत असाल, रफ नसेलच. खरं का? (निवृत्त कर्मचारी, सातारा)

उत्तर : कसलं हो. समोर रफ वही उघडीच आहे, तिसऱ्या पानावर 'किफायतशीर' चारदा लिहून चारदा खोडलाय, गोल्फच्या ओळीवर चहाच्या कपाचा गोल उमटलाय आणि खाली नातवाने स्केचपेनने ट्रॅक्टर काढलाय. संपादकांकडे जाते ती फेअर.